लाल ठोकळा

दर मंगळवारी मी वायलापुक्योची चढण चढते,
पाठीवर सरकारी पिशवी. पिशवीत सहा ठोकळे,
कापडी बाहुली, न फुटणारा आरसा,
(तडा गेलाय, पण फुटलेला नाही)
लोहाच्या थेंबांची बाटली,
आणि प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळलेला फॉर्म.
गारांना काय, सरकारी कागद नि साधा कागद सारखाच.

ओनोराताचं घर शेवटचं.
त्यापुढे गवत, अल्पाका, मग नुसतंच आभाळ.
कुत्रा मला ओळखतो, तरी भुंकतो.
त्यालाही हजेरी लावावी लागत असेल.

चुलीपाशी एल्मेर. वय एकोणीस महिने.
थंडीने उललेले गाल,
दातांवर लोहाचे काळे डाग.
थेंब जिभेवर पडले की तोंड वाकडं करतो, थुंकतो,
आणि माझ्या जॅकेटवरचा सरकारी शिक्का
नखाने खरवडून काढू बघतो.

पहिले चार मंगळवार ओनोराता बटाटे सोलत राहिली.
साल इतकी पातळ
की आरपार जाळ दिसावा.
प्रशिक्षणात शिकवलं होतं, आईला सांगा: मुलाशी बोला.
मी सांगितलं.
ती म्हणाली, काय बोलू?
त्याला भूक लागली की मला कळतं,
मला राग आला की त्याला कळतं.
फॉर्मवर याला चौकट नव्हती.

फॉर्म स्पॅनिशमध्ये, आम्ही दोघी केचुआत.
'मूल किती शब्द बोलते?'
मामा. 'उनु', म्हणजे पाणी.
'अलालाव', म्हणजे बाई गं, काय ही थंडी.
मी लिहिलं: तीन.
खाली कुस्कोच्या कचेरीत सुपरवायझरने विचारलं, कुठल्या भाषेत?
मी म्हटलं, चार हजार मीटरवरच्या.

मग नोव्हेंबरातला तो मंगळवार.
खेळणी परत घ्यायची, पुढच्या घरी द्यायची.
मोजले. पाच.
पुन्हा मोजले, जसं काही
दुसऱ्यांदा मोजल्यावर लाकूड वाढतं.
लाल नव्हता.

ओनोराताचा सुरीचा हात थांबला.
शालीच्या गाठीतून तिने नाणी काढली,
चुलीच्या कट्ट्यावर एकेक मांडली.
मी ती सारून परत दिली. तिने पुन्हा मांडली.
हे कितीदा झालं ते फॉर्मवर नाही.
शेवटी ती उठली आणि मला घरामागे घेऊन गेली.

गेल्या गुरुवारी लावण झाली, ती म्हणाली.
नवरा पायनांगर रेटत होता, मी बियाणं टाकत होते,
हा बांधावर बसून बघत होता.
मग यानेही टाकला.

कुठल्या सरीत?
तिने हाताने अख्खं शेत दाखवलं.

माती ओढली का वर?
ओढली. दोन्ही हातांनी. वरून थापटलीसुद्धा.
आणि मग?
मग म्हणाला, 'पुन्युय'.
झोप.

मी मोजलं: चार.
हा शब्द कुणी शिकवला याला?
ती माझ्याकडे अशी बघत राहिली
की मलाच काही शिकवायचं राहून गेलंय.
रोज म्हणते की मी. रात्री, पांघरूण घालताना.
तू मंगळवारी येतेस, तीही दुपारी.

'मूल मोठ्यांचे अनुकरण करते का?'
होय. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.
मागच्या पानावर:
ठोकळा, लाल, एक. सद्यस्थिती?
मी लिहिलं, पेरला.

कचेरीने ते खोडून 'गहाळ' केलं
आणि माझ्या मानधनातून कापून घेतलं.
(त्याला पगार म्हणायचं नाही, असं आम्हाला सांगितलेलं आहे.)
मी भांडले नाही. एवढंच विचारलं,
मे महिन्यात काढणी असते,
तेव्हा सापडला तर जमा कुठल्या रकान्यात करायचा?
सुपरवायझर हसली नाही. तिने वहीत टिपून घेतलं.

उतरताना पिशवीत पाच ठोकळे वाजतात.
सहांचा आवाज पाठीच्या सवयीचा होता,
आता दर तिसऱ्या पावलाला कुठेतरी एक ठोका चुकतो.
पुढच्या घरी जुळ्या मुली आहेत.
दोघींत पाच कसे वाटायचे,
तो विचार करत मी ओढा ओलांडते.