मूळ फरशी

अथणीच्या पुढं, विजापूर रस्त्याला,
जिथं रान नुसतं बाभळ आणि पांढरी खडी होऊन जातं,
तिथं ते हॉटेल:
एकमजली, लांबट, छपराचे दोन्ही पंख वर उचललेलं.
पाऊस झेलायला म्हणे.
ज्या गावाला टँकरची वेळ तोंडपाठ आहे, त्या गावात.

दारात घेवड्याच्या दाण्यासारखा तलाव, निळा.
पोहत कुणी नव्हतं. एक टिटवी
काठाशी येऊन बघून गेली.

इराण्णानं रजिस्टर पुढं केलं,
'बर्री अक्का' म्हणाला, मग सावरून 'वेलकम मॅडम'.
एका रात्रीचे साडेआठ हजार.
येण्याचं कारण, या रकान्यात मी
'विश्रांती' लिहिलं.

खोली सुरेख. खोटं कशाला बोलू.
तिरप्या पायांच्या नारिंगी खुर्च्या,
दुधीभोपळ्यासारखा लोंबता दिवा,
सिमेंटच्या जाळीतून आलेलं चारचं ऊन
पलंगावर चौकटी मोजत बसलेलं.
आणि भिंतीवर पितळी पाटी:
मूळ फरशी, १९६३. कृपया सामान ओढत नेऊ नये.

ती फरशी माझ्या बापानं घोटली.

भरमू गवंडी, मुक्काम कंग्राळी, वय एकोणीस,
रोज सव्वादोन रुपये.
पांढऱ्या, काळ्या, शेंदरी दगडाची चुरी, मधनं पितळी पट्टी,
मग उकिडवं बसून घासायचं, पाणी, परत घासायचं,
शेवटी तेजाब.
अंगठ्याच्या रेषा गेल्या त्या गेल्याच.
म्हातारपणी रेशनच्या दुकानात तीनदा अंगठा दाबला,
मशीन म्हणालं, असा माणूस नाही.
'हाय की,' आप्पा मशीनलाच म्हणाले,
'अथणीला जाऊन बघ जा.'

एक गोष्ट मात्र ते अर्धीच सांगायचे:
सात नंबरात, खिडकीच्या अंगाला,
ओल्या मालात हिरव्या काकणाचा एक तुकडा
त्यांनी मुद्दाम सोडला होता.
कुणाचं काकण?
आप्पा विडी पेटवायचे.
आई चुलीकडनं म्हणायची, 'माझं नव्हं, एवढं खरं.
माझं लगीन अडुसष्टचं.'

म्हणून सात नंबर मागून घेतली.
रात्री दिवे मालवून, मोबाइलची बॅटरी लावून
मी पोटावर, खिडकीपासून पलंगापर्यंत, वीत वीत.
हिरवं दिसलं ते दगडाचं,
एकदा माशीचा पंख.
कान फरशीला लागला, गार वाटलं,
बराच वेळ तसाच ठेवला.
ऐकू काही आलं नाही. एसी तेवढा.

सकाळी बाळव्वा फडकं घेऊन आली,
मला गुडघ्यावर बघून दारातच थांबली.
'काय हरवलंय, अक्का? कुडूक?'
सांगितलं. सगळं नाही.
'हे सात नव्हंच,' ती म्हणाली,
'नवीन मालकानं नंबर फिरवलेत.
जुनं सात म्हंजे आता इस्त्रीची खोली.'

तिथं चादरींचे ढीग, साबणाचा उग्र वास,
एक पाय मोडलेली नारिंगी खुर्ची.
बाळव्वानं पायानं बादली सरकवली.
खिडकीखाली, नखाएवढी, जराशी वाकडी,
हिरवी.

'कामाला लागले त्या दिवशी वाटलं, माझंच फुटलं.
नखानं काढाय बघितलं. निघंना.
आता पुसते नि सोडते.'

तिच्या हातात आज काकणं नव्हती.
का, ते मी विचारलं नाही.

बाहेर टँकरनं दोनदा हॉर्न दिला,
ती बादली घेऊन पळाली.
मी वाकून अंगठा ठेवला.
गुळगुळीत. धार कुठंच लागली नाही.

इराण्णानं बिल केलं, खोली क्रमांक सात.
मी दुरुस्त केलं नाही.