तेरावा महिना

देसे शहरात, चढावरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
येशीमेबेत कॅलेंडर लिहीत होती.
लिहीत म्हणजे, एकपासून बारापर्यंत फिरणारं एक चक्र,
दर फेरीला तीस चौकटी, सात-सातच्या ओळीत.
सोपं काम. ना एकतीस, ना फेब्रुवारीचा लंगडा पाय.
चक्र परक्या नमुन्यावरून उचललेलं,
त्याला बारावर थांबायची सवय.
दुपारी तिनं फॉर्म दवाखान्यांना पाठवला
आणि कॉफी मागवली.

तेवढ्यात वोरे इलूहून सुईणीचा फोन :
"बाई, पहाटे मुलगी झालीय इथं.
आज पागुमेची सहा.
तुमच्या फॉर्मात पागुमेच नाही,
हिला ठेवू कुठं?"

आपल्याकडे तेरावा महिना दुष्काळात येतो.
तिकडे तो दरसाल येतो, वेळेवर,
पाच दिवस राहतो,
लूकच्या वर्षी सहा,
आणि त्याचा पगार कुणी देत नाही.

हे तीच विसरली, जिचा बाप
कोम्बोल्चाच्या कापड गिरणीत पहारेकरी होता.
पागुमेभर फुकट उभा राहायचा गेटवर,
म्हणायचा, एवढे दिवस देवाकडे जमा.
आई ते वाण्याच्या वहीत मांडायला सांगायची.

तिनं बाराचे तेरा केले.
वर्षाला चारानं भागून बाकी तीन उरली तर सहा, नाहीतर पाच.
मग कालावधी दिला :
मेस्केरेमच्या एकपासून पागुमेच्या सहापर्यंत.
चालवून पाहिलं. पाच.
पुन्हा चालवलं. पाचच.
भागाकार बरोबर, बाकी बरोबर, कंस मिटलेले.

मग तिला या कालावधीचा स्वभाव आठवला.
'पासून' म्हटलं की पहिला दिवस धरतो,
'पर्यंत' म्हटलं की शेवटचा सोडतो.

बापाच्या निवृत्तीच्या पत्रातही 'पर्यंत'च होतं.
त्या तारखेला तो गणवेश घालून, बुटांना तेल लावून गेला,
तर गेटवर त्याच्या स्टुलावर
दुसराच कुणी बसलेला.
घरी आला तेव्हा अजून सकाळच होती.
आईनं विचारलं नाही.

येशीमेबेतनं शेवटात एक दिवस मिळवला.
एकच शब्द, एक आकडा, एक अर्धविराम.
सगळ्यात खालच्या ओळीत
सहावी चौकट उघडली
आणि तिच्यापुढच्या रिकाम्या राहिल्या, राहू दिल्या.

"आता बघ."
"दिसतंय," सुईण म्हणाली. "दाबू?"
"दाब. वेळ किती घालतेस?"
"रात्रीचे अकरा."

रात्रीचे अकरा, म्हणजे तिकडे
सूर्य उगवायला एक तास असतो.
यंत्रानं ते मध्यरात्रीच्या एक तास आधी नेऊन ठेवलं,
जिथं मुलगी अजून जन्मायचीच होती की आज रात्री,
सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा, कोण जाणे.

येशीमेबेत हसली. कॉफी गार झाली होती.
घड्याळाचं तिनं पुढच्या वर्षावर टाकलं,
म्हणजे उद्यावर.