बावीस बाजार

कार्डावर मीच लिहिलं होतं:
तीन महिन्यांनी पुन्हा येणे.
शिक्का मारला, सही केली,
आणि आग्बेकोबाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं,
घडी घालून टोपीच्या अस्तरात ठेवलं,
इतकं जपून
की मला वाटलं, समजलं.

आले ते नवव्या महिन्यात.
नातीच्या खांद्यावर हात,
दाराच्या डाव्या चौकटीला खांदा थडकला
तरी चौकटीचीच माफी मागत.
मी वहीत लाल शाईनं लिहिलं: बेफिकीर.

थेंब?
"संपले."
मग?
"मलेरियाच्या गोळ्या संपतात
तेव्हा मलेरियाही संपतो की."
दुखत नव्हतं. डोळा लाल नव्हता.
शेजारच्या आफीचा मोतीबिंदू पिकल्यावर काढला,
आता ती टोपलीतली मासळी मोजून विकते,
म्हणून हेही पिकायची वाट बघत बसले.
"आणि तुम्ही म्हणालात ताण वाढलाय.
तर मी ताण घेणं सोडलं.
धाकट्या भावाशी सतरा वर्षं बोलत नव्हतो,
जाऊन बोललो."

काचबिंदू हा शब्द मी त्यांना
इंग्रजीत सांगितला होता.
एवे भाषेत तो मला येतच नव्हता.
माझ्या आईच्या भाषेत.

खिडकीबाहेर केटाचं खाजण,
जनरेटरची घरघर,
बाकावर अजून वीसेक माणसं.
आणि मी, का कोण जाणे, विचारलं:
बाबा, तुमचा माग कसा असतो?

ते ताठ बसले.
आग्बोझुमेच्या अंगणात ताणा
तीस पावलं लांब जातो, म्हणाले,
टोकाला फळी, फळीवर दगड.
विणत जावं तसा दगड
सरपटत जवळ येतो, म्हाताऱ्या कुत्र्यासारखा.
दगड जास्त जड झाला तर?
"कडेचे धागे आधी तुटतात."
मग?
"गाठ मारायची."

डोळ्याच्या आत गाठ मारता येत नाही, बाबा.

नात जमिनीकडे बघत राहिली.
ते बराच वेळ बोटानं मांडीवर
काहीतरी मोजत होते.
"पट्टा परत आला होता एक," ते म्हणाले,
"डावा काठ वाकडा म्हणून.
मी पोराला मारलं."
साठ वर्षं डोळ्यांत तेल घालून
काठ राखणारा माणूस.

"म्हणजे थेंबांनी तुम्ही दगड हलका करता.
आणि मी यायचं
ते दगड तोलायला.
न दुखलं तरी."
चौदा वर्षं नर्स आहे मी.
इतकं नीट मला कधी सांगता आलं नव्हतं.

"तीन महिने म्हणजे किती बाजार?"
त्यांच्याकडे बाजार दर चौथ्या दिवशी.
लाल शाईच्या शेजारीच भागाकार केला:
बावीस. दोन दिवस उरतात.
"ते चालायला," म्हणाले,
आणि खिशातून निळा दोरा काढून
बावीस गाठी मारल्या,
दोऱ्याकडे न बघता.
एका बाजाराला एक सोडायची.

गेल्या आठवड्यात आले.
तारखेपेक्षा चार दिवस उशिरा.
दोरा सरळ, एकही गाठ नाही,
दोन्ही डोळ्यांचा दाब उतरलेला.
डावा काठ मात्र गेला तो गेलाच.
"एक बाजार भरला नाही," ते सांगत होते,
"मुखियाची मयत होती.
न भरलेल्या बाजाराची गाठ
कशी सोडणार?"
मी म्हणाले, बरोबर आहे.
वहीत तारीख चुकली असं लिहायची जागा होती,
ती रिकामी ठेवली.
बेफिकीर हा शब्द अजून तिथंच आहे,
शाई पक्की आहे आमच्याकडची.

पुढचा रुग्ण ट्रकचालक, कोजो नावाचा.
आक्लाओ ते कुमासी,
कधी घरी असतो, कधी नसतो.
कार्ड हातात, पेन हातात,
आणि मी त्याला विचारतेय:
तू दिवस कशात मोजतोस?
तो हसतोय.