उजळणी

उद्या पेपर, आणि वीज संध्याकाळीच गेलेली.
मबिताच्या धक्क्यावरून मागून आणलेले दोन कंदील,
रात्री मासे भुलवायचे,
फळ्याच्या खिळ्यांना टांगलेत.
सरोवरावरची चिलटं इतकी
की मी वाक्य लिहितो
आणि नको तिथे पूर्णविराम पडतात.

चला, पटपट. पेशीचं वीजघर कोणतं?
"तंतुकणिका!" अख्खा वर्ग ओरडतो,
आणि मागून ओडेरा, "सर, तिथं तरी वीज आहे."
हसून घेतो आम्ही.

परासरण.
न्यागाया, तुझी आई मासळी वाळवताना मीठ का चोळते?
"मीठ नसलं तर गिऱ्हाईक फिरतं."
खरंय. पण पेपरात गिऱ्हाईक लिहू नकोस.
लिही, पाणी पातळ पडद्यातून निघून जातं
मीठ जास्त तिकडे.
अर्धपार्य शब्द विसरलात तर एक गुण गेला.

जलपर्णी आठवा, तुमच्या बापांच्या होड्या अडवणारी.
तिला शिव्या द्या, हरकत नाही,
पण समीकरण तिच्याच पानात चाललंय.
ऊन, पाणी, हवा. बाण. साखर.
बाणाची दिशा चुकवू नका.

आता रक्त.
तांबडी पेशी कशी? उगालीचा गोळा घ्या,
दोन्हीकडून अंगठा दाबा. अशी.
आणि सिकलसेलची? विळा काढा.
विळे एकमेकांत अडकतात, बारीक वाट बुजते,
सांधे ठणकतात.
मी चार घरांची चौकट आखतो,
सतरा वर्षं आखतोय, डोळे मिटूनही सरळ येते.
"चारांत एक," म्हणतो, आणि एक घर रंगवतो.

अपोंदी वही मिटते.
"सर, आम्ही चौघं. त्यातले दोघं.
ओदुओर मार्चमध्ये गेला.
धाकटी आत्ता वॉर्डात आहे, गुडघा सुजलाय.
हिशोब कुणाचा चुकला?"

पुस्तकात वाटाण्याचं उदाहरण आहे,
गोल आणि सुरकुतलेले.
ते माझ्या तोंडाशी येऊन परत जातं.

"चौकटीला मागचं आठवत नाही," मी म्हणतो.
"दर बाळाला नाणं नव्याने उडतं."
ओडेराला वाटतं मदत करावी,
तो खिशातलं वीस शिलिंगचं नाणं उडवतो.
ते बाकाखाली घरंगळतं.
कंदील काढून शोधतो आम्ही, सापडतं,
आणि कोणती बाजू वर होती
ते कुणीच विचारत नाही.

"बाबा म्हणतात, आईच्या रक्तातनं आलं.
आजी म्हणते, तिला परत धाडा."

मी खडू उचलतो.
ही आडवी ओळ बाबांची.
ही उभी आईची.
रंगवलेल्या घरात दोन अक्षरं आहेत बघ,
एक इकडून, एक तिकडून.
एकट्याच्या अक्षराने ते घर भरतच नाही.

ती बराच वेळ बघते.
"हे कागदावर द्याल? घरी दाखवायला?"

हजेरीपटाचं शेवटचं कोरं पान मी फाडतो.
पट्टी लावून चौकट आखतो,
वर तिच्या बाबांचं नाव, कडेला आईचं.
"खाली सही करू?"
"करा. शिक्का असला तर शिक्काही."

शिक्का मुख्याध्यापकांच्या कपाटात, किल्ली त्यांच्याकडे.
न्यागाया धावत जातो त्यांच्या घराकडे.

तोवर, मुलांनो, उत्सर्जन राहिलंय.
मूत्रपिंडं किती?
कुणीतरी हळूच म्हणतं, "दोन."
जोरात सांगा.