तोंडाने काही नाही

कॉटच्या पायथ्याशी पाटी अडकवलीय:
‘तोंडाने काही नाही.’
मिरजेतलं हॉस्पिटल, तिसरा मजला,
आज चौथा दिवस.
खाली गाड्यावर कुणीतरी भडंगाला फोडणी देतंय.
लसूण जिना चढून थेट इथवर येतो
आणि तोंडाला पाणी सुटतं.
वेडी लाळ. तिला कुणी कळवलंच नाही.

एकतीस वर्षं तासगावच्या शाळेत
मी हेच शिकवलं.
पिवळ्या खडूनं पित्त, तांबड्यानं यकृत,
लहान आतड्याची वेटोळी काढताना
फळा पुरायचा नाही.
एका वर्षी शाळूच्या भाकरीचा तुकडा
प्रत्येकाच्या हातावर ठेवला:
गिळायचा नाही. चावायचा. साठ मोजा.
पंचेचाळिसाला आफ्रिन मुलाणी ओरडली,
“बाई, ग्वाड लागाय लागलंय की!”
आणि सगळा वर्ग तोंड मिटून
आपापली साखर शोधत बसला.

जुन्या पुस्तकात त्यांना वितंचकं म्हणत,
नव्यात विकरं.
बारसं पुन्हा झालं, काम तेच:
मोठ्याचे तुकडे करायचे
आणि आपण न झिजता
पुढच्या घासापाशी उभं राहायचं.

एक गोष्ट मात्र मी घाईत उरकायचे,
घंटा व्हायला आलेली असायची.
स्वादुपिंड ट्रिप्सिन पाठवतं ते झोपवून.
द्राक्षबागेत जाताना छाटणीची कात्री
खटका लावूनच खिशात घालतात ना, तसं.
आतड्याच्या दारात पोचल्यावरच खटका निघतो.
“का बरं असं?” मीच विचारायचे
आणि उत्तरही मीच देऊन टाकायचे.

सोमवारी रात्री ते पोटातून पाठीत गेलं.
पित्ताचा खडा. वाट अडलेली.
खटका खिशातच निघाला,
कात्री धुंडीत बसली आपलंच अंग.

सिस्टर रूथ आवळे सलाइनची बाटली बदलतात.
“लायपेज उतरतंय, बाई,” म्हणतात,
जशी आपली मुलगी तापातून उठलीय.
मी मार्क विचारावेत तसा आकडा विचारते.
अजून बाराशे.
बाप रे. एवढे तर मी
कुणाला दिलेच नाहीत कधी.

उद्या दोन चमचे भाताची पेज मिळेल.
“गिळून टाका, त्यात चावण्यासारखं काही नसतं.”
मी मान हलवते.
साठ मोजणार आहे.