नऊ गुंठे

पावसच्या कारखान्यातून काजूच्या टरफलांचं तेल येतं,
काळं, चिकट, बोटाला लागलं तर फोड उठवणारं.
डब्यावर अजून खोबरेलवाल्याचं नाव.
त्यातून मी एक रेणू वेगळा काढते,
सहा कोनांचा, एका अंगाला लांब शेपूट,
त्याला दुसऱ्याशी बांधते, दुसऱ्याला तिसऱ्याशी,
असं की कुणालाच अंग चोरून
शेजाऱ्याला चिकटून बसता येऊ नये.
सगळी रचना त्या अवघडलेपणाची.
मधे जे उरतं
तेच मला हवं असतं.

बॅच एक्केचाळीस. नाचणीच्या पिठाच्या रंगाची भुकटी.
एका ग्रॅमच्या पोटात नऊशे चौरस मीटर.
हिशेब मी गुंठ्यांत केला, सवय.
नऊ गुंठ्यांना जरा कमी,
आमच्या सोमेश्वरच्या तुकड्याएवढी जागा,
ज्याच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं
आणि पाय एकाचाही नाही.
ही चिमटीत मावते.
हिला बांध नाही, हद्दीचा दगड नाही.

मिरकरवाड्यात माशांच्या आतड्यांवर चालणारा गॅस प्लांट आहे.
शरीफा होडेकरच्या शेगडीत तो गॅस
पिवळा, आळशी जळतो, टोपाचं बूड काळं करतो.
मिथेनच्या सोबत कर्बवायू, शंभरात चाळीस,
आमंत्रण नसताना पंगतीत बसलेला.
उठवायचा कसा?
दोघांच्या अंगकाठीत फरक अर्ध्या अँगस्ट्रॉमचा.
तेवढ्यावर दार बेतायला गेले
तर दोघंही बाहेरच ताटकळले.
मग भिंतीभिंतीला नायट्रोजन बसवला,
कर्बवायू जरा टेकेल,
मिथेन न थांबता पुढे जाईल.

टेकला. भरपूर टेकला.
आलेख बघून मी एकटीच हसले
आणि संध्याकाळी जेटीवर सांगायला गेले.
शरीफाचा सासरा दाऊदचाचा
पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून फाटलेली आस शिवत होता.
"किती धरतं?" त्यानं विचारलं.
मी आकडा सांगितला.
त्यानं दातांनी दोरा तोडला.
"आनि सोडतं?"

एक्केचाळीस सोडत नव्हती.
शंभर अंशांना नाही, दीडशेला थोडंसं.
पंप रात्रभर घरघरत राहिला, वीज तीनदा गेली,
आणि खाडीवरची ओली हवा फटीतून शिरून
रिकाम्या झालेल्या चार खोल्यांतही
आधीच पाणी होऊन बसली.
सकाळी भुकटी वजनाला जड, कामाला शून्य.

मग नायट्रोजन कमी करत गेले.
बेचाळीसमध्ये निम्मा. त्रेचाळीस जळाली, माझीच चूक.
पंचेचाळीसला कर्बवायू ओळखच देईना.
धरावं पण मुठीनं नव्हे, बोटांच्या टोकांनी,
हे वहीत लिहिलं आणि खोडलं,
वहीत आकडे लिहितात.

सत्तेचाळीस. तीनशे ग्रॅम, म्हणजे सहासष्ट एकर,
स्टीलच्या नळीत भरून शरीफाच्या शेगडीला जोडले.
ज्योत आधी हलली,
मग खालून निळी होत वर चढली.
कुणी काही बोललं नाही.
अकरा मिनिटं. चहा झाला, दोनदा उतू गेला,
मग कडेला पुन्हा पिवळं बोट दिसलं.
"संपली तुझी जागा," दाऊदचाचा म्हणाला,
बशीत फुंकर घालत.

नळी घेऊन प्रयोगशाळेत आले.
चुलतभावाचा फोन आला, सोमवारी ये,
हक्कसोडपत्र तयार आहे, बहिणींच्या सह्या राहिल्यात,
तसाही त्या नऊ गुंठ्यांचा तुला काय उपयोग.
बघते म्हटलं.
नळी तापत ठेवली.
सत्तर अंशांना काटा हलला,
आतला वायू हळूहळू निघाला,
कुरकुर नाही, ओढाताण नाही,
चाळीस मिनिटांत सगळी जागा मोकळी.

वहीत लिहिलं: सोडते. पुन्हा वापरण्याजोगी.
कागद बॅगेत आहे, घडी न मोडलेला.
उद्या हाच प्रयोग
पुन्हा करून बघायला हवा.
एकदा सोडलं
म्हणजे काही सिद्ध होत नाही.