लंगडा आर

बस, लेआंद्रो. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय.
तुझ्या यंत्राखाली ठेवण्याआधी
प्रत्येक अक्षर घासलेटनं पूस.
साठ वर्षांची शाई आहे,
वाळलेल्या रक्तासारखी वगैरे नाही,
शाईसारखीच आहे. उगाच काही लिहू नकोस.

वडील इथं, पायसांदूत,
सर्कशीची, नाचाची, बैलबाजाराची पोस्टरं छापायचे.
ही अक्षरं फक्त पहिल्या ओळीला:
टोकांना वेली फुटलेली, पोटात चांदणी कोरलेली,
नासपतीचं लाकूड.
मयताच्या पत्रकाला कधी लावली नाहीत,
एक डोन्या एउफेमिया सोडली तर.
ती तारेवर चालायची, आणि सांगूनच गेली होती.

एकोणसाठात नदी दुकानात शिरली
तेव्हा त्यांनी आधी हा खण माडीवर नेला,
मग मला.

खणात ए अकरा, ओ नऊ,
आर मात्र तीनच.
रेल्वेवाल्यांचा वार्षिक नाच आला की पंचाईत.
फेर्रोकार्रिल. मोज. आर चार.
मग चौथ्याच्या जागी पी लागायचा
आणि शाई ओली असतानाच
कुंचल्यानं त्याला पाय.
दोनशे पोस्टरं, दोनशे पाय.
ते काम माझं.

आणि हा तुटका, त्याचंच विचारतोयस ना?
माझा भाऊ सांगतो, त्र्याहत्तरात शिपाई आले,
बुटाखाली मोडला.
शिपाई आले होते, खरंय.
कागद नेले, वडिलांना नेलं,
एकोणिसाव्या दिवशी दारात आणून सोडलं.
अक्षरांना कुणी हात लावला नाही.

पाय मी तोडला.
सात वर्षांची होते, अक्रोड फोडत होते.
वडील रागावले नाहीत.
पुढं तो आर ते जमेल तिथं ओळीच्या शेवटी लावत,
म्हणत, दमलाय बिचारा, त्याला टेकू दे.

*

माइते, लिही त्याला. म्हणावं, फाँट पोचला.
तीन आरांतला नेमका तोच उचललास.
जुना वाटतो म्हणे.
धडधाकट दोघेही तितकेच जुने होते.
आणि माहितीत तू बूट लिहिलायस.
मी अक्रोड म्हणाले होते.

नाही, हे खोड. बूट राहू दे.
अक्रोडावर कोण पैसे देणार.

माँटेव्हिडिओत कुणी बिअरचं दुकान काढलंय,
नातीनं पाटीचा फोटो दाखवला:
फेर्रोकार्रिल, विटांच्या भिंतीवर, हातभर उंच.
चारही आर एकाच जागी लंगडे,
जणू चार पोरींनी
चार अक्रोड एकाच ठोक्यात फोडले.

चष्मा लावून मी बोटानं मोजले.
चार.
पी नाही, कुंचला नाही.
वडिलांना दाखवायला हवं होतं,
की पुरले.